अनाथ लेकराला घरात घेतलं, पण कागद केला का? शरियत आणि सरकारी कायद्यात मुलांचे हक्क काय, सविस्तर वाचा

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर रात्री अपघातात जातो. बायको दोन वर्षांपूर्वीच आजारपणात गेलेली. मागे दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. दफनविधी उरकतो, जियारत होते, पाहुणे आपापल्या गावाला जातात. चाचा पोरांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "आजपासून ही माझीच लेकरं." गावालाही बरं वाटतं, जमातीलाही बरं वाटतं.

आता दहा वर्षं पुढे जाऊ. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या जागी चाचाचं नाव लागलंय, बहिणीच्या दाखल्यावर मात्र खऱ्या बापाचं. दादा वारले, वारस नोंद झाली, पण सातबाऱ्यावर या दोघांचं नाव कुठेच नाही. बापाच्या खात्यातले पैसे कशात गेले ते कोणी सांगत नाही. चाचा वाईट माणूस नाही. त्याने दोघांना पोटभर खाऊ घातलं, शिकवलं. फक्त कागद कोणी केला नाही.

हे उदाहरण समजण्यासाठी घेतलेलं आहे, कोणा एका घराचं नाही. पण यातली एकेक गोष्ट आपल्या तालुक्यांत कुठे ना कुठे घडत असते. दुसऱ्याचं मूल सांभाळणं हे इस्लाममध्ये मोठं पुण्याचं काम मानलंय आणि देशाचा कायदाही त्याला मदत करतो. मात्र दोन्हीकडे एक अट सारखीच आहे. मूल सांभाळणारा हा त्याचा विश्वस्त असतो, मुलाच्या नावाचा किंवा मालमत्तेचा मालक नसतो. ही अट नेमकी कशी लागू होते आणि त्यासाठी कोणते कागद करावे लागतात, ते पाहू.

आधी चार शब्द समजून घ्या

गावात सरसकट "दत्तक घेतलं" असं बोललं जातं. कायद्यात मात्र या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

दत्तक : मूल कायमचं नव्या आईबापाचं होतं. नाव, नातं, वारसा सगळं बदलतं.

किफालत (कफाला) : मुस्लिम धर्मशास्त्रातली पद्धत. मुलाला घरात घेऊन खाणंपिणं, शिक्षण, संगोपन सगळं करायचं, पण मूल राहतं आपल्या खऱ्या बापाच्याच नावाचं.

पालकत्व : कोर्ट एखाद्या व्यक्तीला अज्ञान मुलाचा किंवा त्याच्या मालमत्तेचा पालक नेमतं. मूल १८ वर्षांचं झालं की हे संपतं.

फॉस्टर केअर (सरकारी मराठीत प्रतिपालकत्व) : बाल कल्याण समिती मुलाला काही काळासाठी दुसऱ्या, तपासून निवडलेल्या कुटुंबात ठेवते. देखरेख समितीची असते.

चाचाने केलं ती किफालत. ती चांगलीच आहे, पण तिच्या पाठीशी पालकत्वाचा कागद नसेल तर ती फक्त चाचाच्या इमानावर चालते. उद्या चाचालाच काही झालं तर मुलं पुन्हा उघड्यावर.

शरियत काय सांगते?

पैगंबर मुहम्मद स्वतः यतीम होते. वडील अब्दुल्लाह त्यांच्या जन्माआधीच वारले. आई आमिना गेल्या तेव्हा ते सहा वर्षांच्या आसपास होते. पुढे आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि त्यांच्यानंतर चाचा अबू तालिब यांनी त्यांना सांभाळलं. म्हणून यतीमाला सांभाळणाऱ्याचा दर्जा इस्लाममध्ये फार वर आहे.

कुरआनातल्या सूरह अहजाबमध्ये (आयत ४ आणि ५) सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्याच नावाने हाक मारावी असा हुकूम आहे. बाप माहीत नसेल तर ती तुमची दीनी भावंडं आहेत, असंही तिथे सांगितलंय. बऱ्याच जणांना वाटतं की यात मुलाला परकं केलंय. उलट यात मुलाचा हक्क राखलेला आहे. त्याची वंशावळ, म्हणजे नसब, कोणी पुसू शकत नाही. नसब राहिली की बापाच्या मालमत्तेतला वाटाही राहतो.

सूरह निसामध्ये यतीमांच्या मालाबद्दल फार कडक शब्द आहेत. यतीमाचा चांगला माल काढून त्याजागी वाईट ठेवायचा नाही, त्याचा माल आपल्या मालात मिसळून खायचा नाही (आयत २). सांभाळणारा खाऊनपिऊन सुखी असेल तर त्याने यतीमाच्या मालातून काही घेऊ नये, गरीब असेल तर वाजवी तेवढंच घ्यावं. मूल समजदार झालं की माल त्याच्या ताब्यात द्यावा आणि देताना साक्षीदार ठेवावेत (आयत ६). म्हणजे हिशेब ठेवा आणि साक्षीदारासमोर परत करा, ही अट चौदाशे वर्षांपूर्वीच घातलेली आहे. "घरातल्या घरात कशाला हिशेब?" हे म्हणणं धर्मातही बसत नाही.

आणखी एक गोष्ट. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला घरातल्या बाईने आपलं दूध पाजलं तर रजाअतचं, म्हणजे दुधाचं नातं तयार होतं. ते मूल त्या घरातल्या मुलांचं दूधभाऊ किंवा दूधबहीण होतं आणि त्यांच्यात लग्न होऊ शकत नाही. मूल मोठं झाल्यावर घरात पडद्याचा प्रश्न येतो, तोही यामुळे सुटतो. मात्र दुधाच्या नात्याने वारसा मिळत नाही.

मूल कोणाजवळ राहणार, मालमत्ता कोण बघणार?

मुस्लिम कायद्यात ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेच जास्त गोंधळ होतो.

मूल जवळ ठेवून वाढवणं म्हणजे हिजानत. आपल्याकडे बहुतेक मुस्लिम हनफी पंथाचे आहेत. हनफी नियमाप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईचा हक्क पहिला. आई नसेल तर नानी, मग दादी, मग बहीण, खाला, फुफू असा क्रम लागतो. बायकांकडे हा हक्क आधी जातो.

मालमत्तेचा वली मात्र वेगळा. बाप, बापाने मृत्युपत्राने नेमलेली व्यक्ती, मग दादा आणि दादाने नेमलेली व्यक्ती, एवढेच आपोआप वली होतात. या यादीत चाचा नाही, मामू नाही, मोठा भाऊ नाही आणि आईसुद्धा नाही. यांच्यापैकी कोणाला मुलाच्या मालमत्तेचा कारभार बघायचा असेल तर कोर्टाकडून नेमणूक करून घ्यावी लागते. (बापाने आईला मृत्युपत्राने नेमलं असेल तर ती वली होऊ शकते.)

नेमणूक नसताना अशा नातेवाइकाने अज्ञान मुलाची जमीन किंवा घर विकलं तर? इंग्रजांच्या काळात, १९१८ साली, प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की मुस्लिम आईने कोर्टाच्या नेमणुकीशिवाय अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता विकली तर ती विक्री मुलावर बंधनकारक नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केलं. म्हणजे अशी जमीन घेणाऱ्याचे पैसेही धोक्यात असतात.

सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे "अ.पा.क." असं लिहून नातेवाइकाचं नाव लागतं. याचा अर्थ अज्ञान मुलाचा पालनकर्ता. ही नोंद म्हणजे मालकी नाही आणि विकायची परवानगीही नाही.

बापाच्या मालमत्तेत किती, दादाच्या जमिनीत किती?

वरच्या उदाहरणातल्या ड्रायव्हरचा स्वतःचा प्लॉट आणि बँकेतली रक्कम मिळून ९ लाख रुपये होते, कर्ज काही नव्हतं असं धरू. त्याचे आईवडील दोघेही जिवंत आहेत. मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे वाटणी अशी होते :

- वडिलांना (मुलांचे दादा) एक षष्ठांश : दीड लाख
- आईला (मुलांची दादी) एक षष्ठांश : दीड लाख
- उरलेले ६ लाख मुलगा आणि मुलगी यांच्यात दोनास एक : मुलाला ४ लाख, मुलीला २ लाख

चाचाला यात काहीच नाही. मूल असताना मृताच्या भावाला वाटा येत नाही.

पण खरी ठेच लागते ती दादाच्या जमिनीत. दादा जिवंत असताना बाप वारला आणि दादाला दुसरा मुलगा असेल, तर दादा वारल्यावर नातवंडांना मुस्लिम वारसा कायद्याने वाटा मिळत नाही. जवळचा वारस दूरच्या वारसाला बाजूला सारतो. पाकिस्तानात १९६१ च्या वटहुकुमाने अशा नातवंडांना बापाच्या जागी वाटा दिला आणि बांगलादेशातही तो नियम चालू राहिला. भारतात तसा नियम नाही.

मग उपाय काय? उपाय आहे, पण तो दादाच्या हातात आहे आणि दादा जिवंत असेपर्यंतच आहे.

वसीयत : मुस्लिम व्यक्ती कफन-दफन आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करू शकते, तीही वारस नसलेल्याला. ही नातवंडं वारस नाहीत, म्हणूनच त्यांच्या नावाने वसीयत चालते. इतर वारसांची संमती लागत नाही.

हिबा : हयातीत दिलेली भेट. याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. तीन गोष्टी लागतात : देतो असं जाहीर करणं, घेतो असं स्वीकारणं आणि ताबा देणं. तोंडी हिबाही मुस्लिम कायद्यात चालतो. तरी नोंदणीकृत हिबानामा केलेला बरा. उद्या फेरफाराला कोणी हरकत घेतली तर तोंडी बोलणं सिद्ध करताना नाकीनऊ येतात.

सांभाळलेल्या, पण रक्ताचं नातं नसलेल्या मुलालाही याच दोन वाटांनी मालमत्ता देता येते. "पोरगं माझंच आहे, त्याला मिळेलच" या भरवशावर राहिलात तर तुमच्या मागे त्याच्या हाती काही लागणार नाही.

सरकारी कायदा : बाल न्याय अधिनियम, २०१५

हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या मुलांना सारखा लागू होतो. १८ वर्षांखालचा प्रत्येक जण यात बालक आहे. आईबाप नसलेलं, टाकून दिलेलं, घरात छळ होणारं, कामाला जुंपलेलं, बालविवाहाच्या धोक्यात असलेलं मूल हे "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक" ठरतं. अशा मुलाबद्दलचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला असावीच लागते.

एकटं, बेवारस मूल सापडलं तर २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. पोलीस, चाइल्डलाइन किंवा बाल कल्याण समिती, कोणालाही कळवलं तरी चालतं. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे बाजारात, दर्ग्याच्या उरुसात किंवा स्टँडवर सापडलेलं लेकरू "अल्लाहने दिलं" म्हणून घरी नेऊन ठेवता येत नाही. त्याची आई कुठेतरी त्याला शोधत असेल.

फॉस्टर केअरमध्ये मुलाचे हक्क

आईबाप नाहीत किंवा असून सांभाळू शकत नाहीत आणि नातेवाईकही पुढे येत नाहीत, अशा वेळी मुलाला थेट बालगृहात ठेवण्यापेक्षा कुटुंबात ठेवावं, असं कायदा म्हणतो. संस्था हा शेवटचा पर्याय. कलम ४४ मध्ये फॉस्टर केअरचे नियम आहेत.

- कुटुंबाची आधी तपासणी होते. मूल सांभाळायची इच्छा, ऐपत आणि अनुभव बघितला जातो.
- सख्खी भावंडं शक्यतो एकाच घरात ठेवायची.
- शिक्षण, आरोग्य आणि आहार ही त्या कुटुंबाची जबाबदारी.
- खरे आईबाप असतील तर त्यांना ठरावीक काळाने मुलाला भेटता येतं. भेट मुलाच्या हिताची नाही असं समितीला वाटलं तरच ती थांबवली जाते.
- समितीने दर महिन्याला पाहणी करायची. कुटुंब कमी पडतंय असं दिसलं तर मुलाला तिथून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं.
- निर्णय घेताना मुलाचं म्हणणं ऐकायचं. त्याच्या वयाप्रमाणे त्याच्या शब्दाला वजन आहे.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये फॉस्टर केअरची मार्गदर्शक तत्त्वं बदलली. पूर्वी फक्त नवरा-बायकोला मूल मिळायचं. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दिली जात नाही. दोन वर्षं फॉस्टर केअर नीट झालं आणि मूल दत्तकासाठी मोकळं असेल, तर तेच कुटुंब दत्तकासाठीही अर्ज करू शकतं. आधी ही मुदत पाच वर्षांची होती.

मुस्लिम कुटुंबांच्या दृष्टीने फॉस्टर केअर ही किफालतच्या सगळ्यात जवळची सरकारी पद्धत आहे. मुलाचं नाव बदलत नाही, नसब बदलत नाही, संगोपन मात्र पूर्ण होतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात (१९८९) कलम २० मध्ये फॉस्टर केअर, दत्तक यांच्यासोबत इस्लामी कायद्यातल्या कफालाचं नाव घेतलेलं आहे. मुलाचा धर्म, भाषा आणि संस्कृती यांचा विचार करून घर निवडावं, असंही त्यात आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. मोरोक्कोसारख्या मुस्लिम देशातही टाकून दिलेल्या मुलांची कफाला न्यायाधीशाच्या हुकमाने होते. तिथेही नुसत्या तोंडी शब्दावर काम चालत नाही.

पालकत्वाचा कागद : १८९० चा कायदा

मूल नात्यातलंच आहे आणि ते चाचा, मामू किंवा नानीकडे राहणार आहे, तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज करायचा. हा कायदाही सगळ्या धर्मांना आहे. मूल जिथे राहतं त्या भागाच्या जिल्हा न्यायालयात अर्ज जातो.

आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, नात्याचा पुरावा, मालमत्तेची यादी हे कागद तयार ठेवावे लागतात. कोर्ट जवळच्या नातेवाइकांना नोटीस काढतं. मग मुलाचं वय, धर्म, अर्जदाराचं वागणं आणि ऐपत, नात्याची जवळीक, आईबापाची इच्छा असं सगळं बघून निर्णय देतं. मूल जाणतं असेल तर त्यालाही विचारलं जातं. मुलाचा वैयक्तिक कायदा कोर्ट लक्षात घेतं, पण सगळ्यात वर असतं मुलाचं हित.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक मुस्लिम कुटुंबाचा वाद होता. आई वारलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं आणि मुलं आईच्या माहेरच्यांकडे वाढत होती. बाप नैसर्गिक पालक असला तरी ताब्याचा प्रश्न वेगळा आहे, असं सांगून न्यायालयाने मुलांचा अंतरिम ताबा आजोळीच ठेवला.

कोर्टाने नेमलेल्या पालकालाही मनमानी करता येत नाही. मुलाची स्थावर मालमत्ता विकायची, गहाण टाकायची किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कोर्टाची परवानगी लागते. कोर्ट हिशेबही मागू शकतं. गैरकारभार दिसला तर पालकाला काढून टाकता येतं.

जमातीच्या लेटरहेडवरचा ठराव किंवा शंभराच्या स्टॅम्पवरची नोटरी यांनी कायदेशीर पालकत्व मिळत नाही. जमातीने समजूत घालावी, घर एक ठेवावं, हे चांगलंच. पण फतवा किंवा ठराव कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मुस्लिम कुटुंबाला दत्तक घेता येतं का?

येतं. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना आहे, तो मुस्लिमांना लागू नाही. पण बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ ला हेच सांगितलं. हा कायदा ऐच्छिक आहे. ज्याला आपल्या धर्माच्या नियमाप्रमाणे किफालतवर थांबायचं आहे त्याच्यावर दत्तकाची सक्ती नाही आणि ज्याला दत्तक घ्यायचं आहे त्याला धर्माच्या नावाने अडवता येणार नाही.

नात्यातलं मूल दत्तक घ्यायचं असेल तर चाचा, फुफू, मामू, खाला, दादा-दादी, नाना-नानी एवढेच नातेवाईक यात धरले जातात. पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

या दत्तकानंतर मूल वारसाहक्कासह सर्व बाबतीत नव्या आईबापाचं होतं, असं कायद्यात लिहिलेलं आहे. शरियतच्या वारसा नियमांत मात्र दत्तक मूल वारस धरलं जात नाही. म्हणून उद्या भाऊबंदकीत कज्जा नको असेल, तर दत्तक आदेशासोबत हिबा किंवा वसीयतही करून ठेवणं शहाणपणाचं.

दाखल्यावर बापाचं नाव बदलू नका

पहिलीत नाव घालताना "कशाला लेकराला बाप नाही म्हणून सांगायचं" असा विचार करून चाचा आपलंच नाव लावतो. भावना चांगली असते. पण दत्तक आदेश नसताना हे केलं की पुढे त्रासच त्रास होतो. वारसाचा दाखला, बापाच्या खात्यातली रक्कम, अपघाताची भरपाई, सगळीकडे बाप-लेकाचं नातं सिद्ध करावं लागतं. तांबोळी, बागवान, पिंजारी, अत्तार अशा ओबीसी समाजातल्या मुलांना जात पडताळणीत वडिलांकडच्या वंशावळीचे पुरावे द्यावे लागतात. तिथे दाखल्यावर एक आणि जन्मनोंदीत दुसरं नाव असेल तर प्रकरण अडतं.

नोंद अशी करा : वडिलांच्या रकान्यात खऱ्या वडिलांचं नाव, पालकाच्या रकान्यात सांभाळणाऱ्याचं.

पैशाची मदत कुठून मिळते?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना : राज्य सरकारची योजना. अनाथ, एकच पालक असलेल्या किंवा संकटात सापडलेल्या कुटुंबातल्या १८ वर्षांखालच्या मुलांना दरमहा २,२५० रुपये.

मिशन वात्सल्य : केंद्राची योजना. प्रायोजकत्व आणि फॉस्टर केअरसाठी मुलामागे दरमहा ४,००० रुपये. अनाथ मूल काका-मामाकडे राहत असेल तरी ते प्रायोजकत्वासाठी बसतं. ग्रामीण भागात प्रायोजकत्वासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२ हजार रुपये आहे.

अनाथ प्रमाणपत्र : आईवडील दोघेही नसलेल्या मुलांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथांसाठीही यात प्रवर्ग आहे. म्हणून दोघांचे मृत्यूचे दाखले लगेच काढून जपून ठेवा.

हे पैसे मुलाचे आहेत. मुलाच्या नावाचं खातं उघडा आणि मोठ्या खर्चाची पावती ठेवा.

हे केलं तर गुन्हा

- पैसे देऊन मूल घेणं किंवा देणं : पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड.
- ठरलेली पद्धत सोडून मूल परस्पर दत्तक देणं-घेणं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही.
- सांभाळायला आणलेल्या मुलाला मारहाण, उपासमार, छळ : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही.
- सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. यतीम आहे म्हणून शाळा सोडवून शेळ्यांमागे, गॅरेजवर किंवा घरकामाला लावता येत नाही.
- "जबाबदारी उरकून टाकू" म्हणून मुलीचं अठराच्या आत लग्न लावू नका. पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो.

लोक नेहमी विचारतात

मूल हिंदू किंवा बौद्ध असेल तर वेगळं आहे का? बाल न्याय कायदा, फॉस्टर केअर, १८९० चा कायदा, योजना, शिक्षा हे सगळं सारखंच. फरक फक्त वारसा आणि दत्तकाच्या वैयक्तिक कायद्यात.

बहिणीला मूल नाही, मी माझं मूल तिला दिलं तर? प्रेमाने राहायला पाठवता येतं. पण कायद्याने मूल तुमचंच राहतं. कायमचं द्यायचं असेल तर नात्यातल्या दत्तकाची रीतसर पद्धत वापरा.

वकिलाला पैसे नाहीत. मुलांना आणि महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत साधा अर्ज द्यायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा.

कुठे जायचं, आधी काय करायचं?

१. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले आणि मुलांचे जन्मदाखले काढा.

२. गावातल्या अंगणवाडी सेविकेला आणि ग्राम बाल संरक्षण समितीला कळवा. सरपंचाला त्यात जबाबदारी आहे.

३. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. योजनेचे अर्ज, फॉस्टर केअर, बाल कल्याण समिती, सगळ्याची माहिती तिथे मिळते.

४. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वारस नोंदीत मुलांची नावं लागली का, ते फेरफार काढून स्वतः वाचा.

५. विधी सेवा समितीमार्फत पालकत्वाचा अर्ज करा.

६. दादा-दादी हयात असतील तर हिबा किंवा वसीयतीची गोष्ट आजच काढा. हे बोलायला जीभ अडखळते, पण त्यांच्या माघारी हा दरवाजा बंद होतो.

मूल संकटात दिसलं तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे लागत नाहीत. मूल स्वतःही फोन करू शकतं. हा नंबर मुलांना पाठ करून द्या.

वरच्या उदाहरणातल्या चाचाने पहिल्या सहा महिन्यांत एवढी सहा कामं केली असती, तर पुतण्याच्या दाखल्यावर बापाचं नाव राहिलं असतं, दादाने हयातीत दिलेला जमिनीचा तुकडा दोघांच्या नावावर असता आणि बापाच्या पैशाचा हिशेब एका वहीत असता. अठराव्या वर्षी ती वही चार साक्षीदारांसमोर मुलांच्या हातात देऊन चाचा मोकळा झाला असता.